एक छत तसंच ठेवायचं

डोळ्यांसमोर काजवे चमकत असताना माणसाने जिना उतरू नये. आणि उतरलाच, तर समोर येईल त्या दारात घुसू नये. तिने दोन्ही केलं. कोपऱ्यावरच्या घराचं छत नुकतंच पांढरंशुभ्र रंगवून झालं होतं, भर दुपारचं ऊन त्यावरून उसळून थेट तिच्या डोळ्यांत शिरलं होतं, आणि आता तिला सगळं जग हिरवट-जांभळं दिसत होतं. चाचपडत तिने एक दार लोटलं, हाताला खुर्ची लागली आणि ती त्यात धपकन बसली.

"वाचा," अंधारातून एक आवाज आला.

"काय?"

"समोरची अक्षरं. सर्वांत मोठ्या ओळीपासून सुरू करा."

"कुठली अक्षरं? मला समोरची भिंतसुद्धा दिसत नाहीये!"

"अरे बाप रे," आवाज गंभीर झाला, "मग चष्म्याने भागेल असं वाटत नाही. काठीच द्यावी लागेल."

तिला हसू आलं आणि रागही आला. डोळ्यांवर कुणीतरी गार पाण्यात पिळलेला रुमाल ठेवला. जरा वेळाने जग पुन्हा आपल्या रंगात आलं, तेव्हा तिला कळलं की आपण चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसलोय... आणि समोर एक लांबट चेहऱ्याचा तरुण, बाह्या वर सरकवून, अगदी मन लावून आपल्याकडे बघतोय.

"तुम्हीच का त्या छतवाल्या?" त्याने विचारलं.

"लोक मला छतवाली म्हणतात?"

"तोंडावर नाही म्हणत."

"आणि तुम्हाला काय म्हणतात?"

"चष्मेवाला. अगदी तोंडावर म्हणतात." त्याने एक छोटी पट्टी उचलली. "पांढऱ्या छतांवर फिरायचं तर काळा चष्मा हवा. करून देतो. दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागेल. सरळ बघा... तिकडे कुठे? माझ्या डोळ्यांत बघा."

तिने बघितलं, आणि लगेच नजर खाली घातली.

"मोजायचं असतं म्हणून सांगतोय," तो घाईघाईने म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

मग बसलीच आहे तर नजरही तपासू, म्हणून त्याने तिच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच बदलत विचारत राहिला, "हे बरं... की हे?" दोन्ही सारखंच दिसत होतं. तरी ती बराच वेळ ठरवत राहिली. तेवढ्यावर प्रेम बसतं का? नाही बसत. पण बाहेर पडताना तिने दुकानाची पाटी मुद्दाम वाचली, यावरून काय ते समजून घ्यावं.

ती पालिकेत होती. 'उष्णता कक्ष' असं भारदस्त नाव असलेली तिची खोली जन्म-मृत्यू नोंदणीच्या मागे होती आणि अख्ख्या इमारतीत सर्वांत जास्त उकाडा त्याच खोलीत व्हायचा. दरवर्षी उन्हाळा आदल्या वर्षापेक्षा कडक होत होता. माणसं उन्हाने आडवी होऊन दवाखान्यात येत होती, आणि पालिकेच्या तिजोरीत तर खडखडाट. दिवाबत्ती आणि कचरा यांतच सगळं संपायचं. शेवटी तिच्या साहेबांनी कुठून कुठून खेटे घालून एका निधीवाल्यांना राजी केलं होतं. निधीवाले म्हणाले, छतं पांढरी रंगवली की घरं गार होतात हे आधी एका गल्लीत सिद्ध करा. मग शाळा, दवाखाना, नदीकाठची पत्र्याची घरं, सगळ्या शहराला पैसा देतो. आणि सिद्ध करायचं तर एक छत तसंच ठेवायचं. तेवढ्याच उंचीचं, तसल्याच बांधणीचं, पण न रंगवलेलं. त्याच्या खालच्या खोलीत तापमापक लावायचा आणि उन्हाळाभर रोज दुपारी आकडा बघायचा. त्याशिवाय रंगवलेल्या खोल्यांची तुलना करणार कशाशी?

हे तिने गल्लीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा मघापर्यंत 'आधी आमचं, आधी आमचं' करणारी सगळी मंडळी मूग गिळून बसली. फुकटात गारवा मिळत असताना मुद्दाम उकडून घ्यायला कोण तयार होणार?

"आमचं राहू द्या तसंच," मागून आवाज आला. चष्मेवाला उभा होता. "एक विचारू? तो आकडा बघायला रोज कोण येणार?"

"मीच," ती म्हणाली.

"मग काहीच अडचण नाही."

गल्लीत खसखस पिकली. तिने कागदात डोकं खुपसलं, पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, त्यांना कुठे खुपसणार?

वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याची आत्या राहायची. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून बसलेली ही बाई गुडघ्यांमुळे आता खोलीतून फारशी हलत नव्हती, पण कान असे तिखट की जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखायची. छत तसंच ठेवायला तिची परवानगी हवीच होती.

"माझ्या खोलीत रोज एक माणूस बोलायला येणार असेल," आत्या म्हणाली, "तर भिंतीला तापमापक लाव, नाहीतर घंटा टांग. मला काय करायचंय ते सांग फक्त."

"काही नाही आत्या. खोली रोज असते तशीच ठेवायची. वेगळं काही करायचं नाही, म्हणजे आकडा खरा येतो."

"खरा येतो," आत्याने मान डोलावली. ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणून पक्कं करायची ही तिची नोकरीतली सवय. आकड्याचंही तेच. "मनातल्या मनात वाचू नकोस, मोठ्याने सांग," ती बजावायची. मग छतवाली आकडा सांगायची, आत्या तो जसाच्या तसा परत म्हणायची आणि वर हुकूम सोडायची, "ऐकलं. लिही."

असा तो उन्हाळा सुरू झाला. ती रोज दुपारी यायची, आधी दुकानात डोकवायची.

"आज लवकर?"

"तापमापकाला वेळ पाळावी लागते."

"तापमापकाला?"

"...हो. तापमापकाला."

"माझा काळा चष्मा कुठवर आलाय?" हा तिचा रोजचा प्रश्न.

"काच आली नाही अजून," हे त्याचं रोजचं उत्तर. काच आली असती तर दुकानात डोकवायचं कारण गेलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून ती डोळे बारीक करून उन्हात फिरायची आणि तो काचवाल्याच्या नावाने खडे फोडायचा. मग दोघं जिना चढायची. ती पुढे, तो लिंबूपाण्याचे पेले सांभाळत मागे. अरुंद जिन्याच्या वळणावर पेला देता-घेता बोटाला बोट लागायचं, आणि उरलेल्या पायऱ्या दोघं नको इतक्या काळजीने मोजत चढायची...

"अहो-जाहो कसलं करता रे दोघं?" एक दिवस आत्या वैतागली. "अख्ख्या शहराच्या लाइनी जोडल्या मी. परगावच्या, परदेशच्या. तुमची एक जोडताना मात्र मला घाम फुटलाय. आणि हा उकाड्याचा घाम नव्हे!"

त्या दिवसापासून 'तू' सुरू झालं. जिना उतरताना तो थांबला.

"उन्हाळा संपला की आमचं छत रंगवणार ना तू?"

"पहिलं तुमचंच."

"छत रंगलं की तुला एक विचारायचंय."

ती पायरीवरच वळली. "आत्ताच विचार ना."

"अंहं. आत्ता विचारलं तर म्हणशील, तुलना करायला आधी दुसरा कुणीतरी दाखव."

ती खदखदून हसली. वरून आत्याचा आवाज आला, "ऐकलं! लिही!"

आणि मग ऊन पेटलं.

सकाळी उठल्यापासून भिंती गरम असायच्या. पाखरं सावलीत चोच उघडी टाकून बसायची. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. रंगवलेल्या घरांत माणसं निदान पडून राहू शकत होती. आत्याच्या खोलीत पाऊल टाकलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं. छतवालीला आता तो जिना चढायचं जिवावर यायला लागलं. तिने साहेबांना गाठलं.

"ते छत रंगवून टाकू या साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळ चोळलं. "आत्ता खंड पडला तर अख्खा उन्हाळा पाण्यात जाईल. निधीवाले कडक दिवसांचेच आकडे मागतात. नदीकाठच्या पत्र्यांखाली किती लहान मुलं आहेत, तूच मोजून आलीस ना? थोडं थांब. आजीबाईंना खाली झोपायला सांग, ओले पडदे लावू दे."

ती तशीच दुकानात आली. "साहेब काही म्हणू देत, उद्या रंगवून टाकू."

तो काच घासत होता. मान वर करून मिस्कील हसला. "एवढी घाई झालीय उत्तर द्यायची?"

तिलाही हसू आलं. त्या हसण्यात ती गोष्ट विरून गेली. पुढे कितीतरी दिवस तिला दुसरं काही आठवेना, फक्त ते हसणं आठवायचं.

वर आत्या तर ऐकायलाच तयार नव्हती. "इतके दिवस काढले ते काय वाया घालवायला? रात्री खाली झोपते मी. दुपारी पंखा आहे."

"मग खिडकीला ओली चादर लावा आत्या. बिनधास्त लावा. चादर लावली होती असं मी आकड्याशेजारी लिहीन."

"लावते की."

"नक्की?"

"लावते म्हटलं ना! जा, वाच तुझा आकडा."

आकडे चढतच राहिले. रंगवलेल्या खोल्या आणि आत्याची खोली यांतला फरक असा ठसठशीत दिसायला लागला की साहेबांनी तिची पाठ थोपटली. कागदावरच्या त्या दोन रेघा एकमेकींपासून दूर दूर जाताना बघून तिलाही बरं वाटलं. खिडकी उघडी दिसली तर आत्या सांगायची, चादर आत्ताच भिजवायला काढली, पंखा आत्ताच बंद केला, आणि तिला ते खरं वाटायचं. ओली चादर लावल्यावर आकडा थोडा तरी उतरायला हवा होता, हे तिच्या मनात आलं नाही. शिकलेली होती, हुशार होती, पण आलं नाही. मनासारखा आकडा आला की माणूस त्याला प्रश्न विचारत नाही.

त्या दुपारी तो काचा आणायला बाजारात गेला होता. ती एकटीच जिना चढली. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत मान कलती करून बसली होती. झोप लागली असेल म्हणून तिने हळूच तापमापक बघितला, सवयीने आकडा मोठ्याने सांगितला, आणि थांबली.

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा सांगितला. मग धावत जाऊन आत्याचा हात धरला. हात कोरडा, रखरखीत तापलेला होता. खिडकी उघडी बोडकी होती, ऊन सरळ आत येत होतं. पंखा बंद होता. दारामागे बादली होती, आणि बादलीत ओली चादर, नीट घडी घालून ठेवलेली.

तिला सगळं कळलं. आत्या सकाळी चादर लावत होती, पंखा चालवत होती. आणि दुपारी जिन्यावर तिची पावलं वाजायच्या बरंच आधी चादर काढून पंखा बंद करत होती. पोरीचा आकडा खरा यायला हवा म्हणून. रोज.

दवाखान्यात खाटा भरलेल्या होत्या. डॉक्टरांनी बर्फ लावला, सलाईन लावलं, सगळं केलं. चष्मेवाला बाजारातून धावत आला तेव्हा त्याच्या खिशात पुडीत बांधलेल्या दोन काळ्या काचा होत्या. दिवस मावळायच्या आत आत्या गेली.

त्यानंतरच्या महिन्यांत तो तिच्याशी एकदाच बोलला. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि तो तपासणीच्या खुर्चीत स्वतःच बसला होता.

"त्या दिवशीचा आकडा लिहिलास?"

तिने मान हलवली. "नाही लिहिणार. सगळेच फाडून टाकणार आहे. त्या निधीवाल्यांना सांगते, नको तुमचा..."

"लिही."

"माझ्यामुळे झालं हे."

"छत मी पुढे केलं होतं. तू रोज यावीस म्हणून." त्याचा आवाज फुटला. "छत रंगवू म्हणालीस तेव्हा थट्टा मी केली. आणि चादर तिने काढली. कुणाकुणाचं किती, ते मोजता येणार नाही आपल्याला. पण आकडा लिही. चुकवलास तर ती मला घरात येऊ द्यायची नाही."

तिने लिहिला. शेजारी हेही लिहिलं की या खोलीत राहणारी बाई उष्माघाताने गेली, आणि माणूस राहत असलेलं छत पुन्हा कधीही, कुठेही असं तुलनेला ठेवू नये. साहेब म्हणाले, हे वाक्य कशाला, निधी अडकेल. ती म्हणाली, अडकू दे. साहेबांनी वाक्यासकट कागद पाठवून दिले.

निधी अडकला नाही. पावसाळा सरला, छतं सुकली, आणि शहर रंगायला लागलं. शाळेचं छत पांढरं झालं, दवाखान्याचं झालं, नदीकाठी पत्र्यांवर बाया शिड्या लावून चढल्या. वृत्तपत्रात साहेबांचं छायाचित्र आलं. छतवाली सगळीकडे उभी राहून काम करून घेत होती, डोळे बारीक करून. लोकांना वाटायचं, उन्हाने पाणी येतंय डोळ्यांना.

एका सकाळी गल्लीतून निरोप आला. चष्मेवाला दुकान आवरतोय. दूरच्या गावी मित्राबरोबर नवं दुकान टाकणार आहे. जाण्याआधी छत रंगवून हवंय.

ती कामगारांना न घेता गेली. फक्त रंग, दोन कुंचले आणि ती. तो छतावर झाडू मारत होता. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली. काळंकरडं छत पट्ट्यापट्ट्याने पांढरं होत गेलं. मधे उरलेला तुकडा हातभर झाला, तेव्हा दोघांचे कुंचले जवळ जवळ आले आणि तिच्याच्याने पुढे रंगवेना.

"खोली पालिकेला देतोय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी बसायला. दुकानाच्या वरचा जिना सोपा करून घ्या. गुडघे दुखतात त्यांचे."

"घेऊ."

त्याने तो उरलेला तुकडा रंगवून टाकला.

"छत रंगलं," ती म्हणाली.

"हं."

"तुला काहीतरी विचारायचं होतं."

त्याने कुंचला डब्याच्या कडेवर निपटला. "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते. तुलनेला कुणी नको होतं मला."

"आणि आज?"

"आजही हो. पण तू विचारणार नाहीस."

"प्रेम आहे गं," तो म्हणाला, आणि इतके दिवस कोरडे राहिलेले त्याचे डोळे भरून आले. "त्यात काही फरक नाही. पण तुझी पावलं जिन्यावर वाजली की मी अजून वरून तिची हाक यायची वाट बघतो. ती येत नाही. आणि मग मला तुझा राग येतो, माझा येतो, कुणाकुणाचा येतो. असा राग पोटात ठेवून तुझ्याबरोबर राहणं... की लांबून तुझं चांगलं व्हावं म्हणत राहणं..." त्याने कसंबसं हसायचा प्रयत्न केला. "तूच सांग. हे बरं, की हे?"

त्या खुर्चीत तिला दोन्ही काचा सारख्या दिसल्या होत्या. आज दोन्हींमधून काहीच दिसत नव्हतं.

"जा तू," ती म्हणाली.

त्याने खिशातून डबी काढली. आत काळा चष्मा होता, हलका, तिच्या मापाचा. तिने तो घातला आणि बरं केलं, कारण आता तिचे डोळे त्याला दिसत नव्हते.

रंग वाळायला दुपार झाली. निघण्याआधी ती खाली आत्याच्या खोलीत शिरली. खुर्ची तिथेच होती, तापमापकही तसाच भिंतीला होता. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला, आकडा बघितला आणि सवयीने मोठ्याने सांगितला, "अठ्ठावीस."

वही उघडायलाही तिचा हात होईना.

"अठ्ठावीस," दारातून तो म्हणाला. जसाच्या तसा, आत्यासारखा. मग थोडं थांबून, घोगऱ्या आवाजात, "ऐकलं. लिही."

तिने लिहिलं. मान वर केली तेव्हा त्याची पावलं जिना उतरत होती, आणि खोली खरंच गार होती.